सीएएच: रोजची गोळी, तिचे दुष्परिणाम आणि तापाचे दिवस

‘स्टेरॉइड’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला की आईवडलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कधी बंद करायचं?” मग घरी आल्यावर आजी विचारते, “एवढ्याशा लेकराला स्टेरॉइड? दुसरं काही नाही का यावर?” दोन्ही प्रश्न काळजीपोटीच येतात. पण कंजेनायटल ॲड्रीनल हायपरप्लेझिया, म्हणजे सगळे ज्याला सीएएच म्हणतात, तो आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत ही काळजी चुकीच्या जागी जाऊन बसते, आणि त्यातून मुलांचे जीव धोक्यात येतात. सीएएच असलेल्या मुलाची आई म्हणून मला हे नीट उलगडून सांगावंसं वाटतं.

स्टेरॉइडबद्दल आपण ऐकलेलं असतं ते बहुतेक वेळा दमा, किडनीतून प्रथिनं जाण्याचा आजार, संधिवात यांसाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसबद्दल. त्या मुलांचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करत असतंच. सूज किंवा प्रतिकारशक्तीचा उलटा मारा थोपवायला त्यावर बाहेरून कितीतरी पट जास्त दिलं जातं. चेहरा गोल होणं, वजन वाढणं, उंची खुंटणं हे सगळं त्या जास्तीच्या डोसामुळे होतं. सीएएचच्या मुलाचं शरीर मात्र कॉर्टिसॉल नावाचं हे स्टेरॉइड पुरेसं बनवूच शकत नाही. त्याला गोळीतून मिळतं ते तुमच्या-माझ्या शरीरात रोज आपोआप बनतं त्याच्या आसपासच. म्हणून ‘औषध वाईट, जितकं कमी तितकं चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी त्रास होतो आणि कमी पडला तरी होतो. मधला पट्टा अरुंद आहे, आणि त्यात राहणं हेच आईवडलांचं नि डॉक्टरांचं वर्षानुवर्षांचं काम.

नेमकं बिघडतं कुठे?

दोन्ही किडन्यांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथी असतात. कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करून, एकेक पायरीने त्या तीन प्रकारची हार्मोन्स बनवतात. कॉर्टिसॉल रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळतं आणि आजारपणात शरीराला उभं ठेवतं. अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ राखतं. तिसरी ॲण्ड्रोजेन्स, म्हणजे पुरुषी हार्मोन्स, जी थोड्या प्रमाणात मुलींमध्येही असतात. प्रत्येक पायरीला एक एन्झाइम लागतं. सीएएचच्या दहापैकी नऊहून अधिक मुलांमध्ये 21-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम कमी असतं किंवा नसतंच.

शेतातल्या पाटात मधेच दगडमाती अडकली तर पुढच्या वाफ्यांना पाणी पोचत नाही आणि मागे तुंबलेलं पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात शिरतं. इथे तेच होतं. पुढे कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन पोचत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला कॉर्टिसॉल कमी आहे एवढंच कळतं, म्हणून ती एसीटीएच हार्मोन सोडून ॲड्रीनलला आणखी काम करायला लावते. माल आणखी तुंबतो आणि सगळा ॲण्ड्रोजेन्सकडे वळतो. या तुंबलेल्या मालातलाच एक पदार्थ म्हणजे 17-ओएचपी, जो आपण दर काही महिन्यांनी रक्तात तपासतो.

मुलगी असेल तर गर्भातच वाढलेल्या ॲण्ड्रोजेन्समुळे बाहेरची जननेंद्रियं वेगळी दिसू शकतात, त्यामुळे जन्मतःच शंका येते. मुलगा दिसायला नेहमीसारखाच असतो, म्हणून सुटून जातो. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासं होतं, ओकाऱ्या काढतं, वजन घटतं, मलूल पडतं. रक्तातलं सोडियम खाली आणि पोटॅशियम वर गेलेलं असतं. पुष्कळदा पोट बिघडलं किंवा जंतुसंसर्ग झाला असं समजून उपचार चालू राहतात आणि वेळ निघून जाते. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन 17-ओएचपी तपासली तर हे आधीच कळू शकतं. गोव्याने 2008 साली नवजात बाळांच्या अशा तपासण्या सरकारी पातळीवर सुरू केल्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातल्या पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक बाळं तपासली, तेव्हा सुमारे 5,760 बाळांमागे एकाला सीएएच आढळला. जगभरात साधारण 15,000 मागे एक असं प्रमाण सांगितलं जातं, त्या मानाने आपला आकडा बराच मोठा आहे. तरीही महाराष्ट्रात ही तपासणी प्रत्येक बाळाची होत नाही. ज्या बाळांचं निदान कधी झालंच नाही, त्यांचा विचार मनातून जात नाही.

आईवडील दोघेही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून असतात. दोघांनाही काही त्रास नसतो. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न होतं अशा घरांत एकच जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेरच्या लग्नांतही सीएएचची मुलं जन्मतात, त्यामुळे ‘तुमच्यातच काहीतरी आहे’ असं सुनेला ऐकवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दोष दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय हा आजार होतच नाही.

आणि ‘स्टेरॉइड नको’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 1950 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॉसन विल्किन्स यांनी या आजारात कॉर्टिझोन वापरून पाहिलं. त्याच वर्षी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना ॲड्रीनलच्या हार्मोन्सवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याआधी मीठ वाहून जाणाऱ्या, म्हणजे अल्डोस्टेरॉनही फार कमी असलेल्या, प्रकारातली बहुतेक बाळं तान्हेपणीच दगावत.

डोस कसा ठरतो

वाढत्या मुलांसाठी हायड्रोकॉर्टिझोन वापरतात, कारण ते आपल्या शरीरातल्या कॉर्टिसॉलसारखंच आहे. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन जास्त तास टिकतात, पण उंचीला जास्त मारक ठरतात. गावातल्या केमिस्टने ‘हायड्रोकॉर्टिझोन नाही, हे घ्या, तेच आहे’ म्हणून दुसरं स्टेरॉइड दिलं तर घेऊ नका. एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे एक मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन नव्हे. ते कितीतरी पट तीव्र असतं.

डोस शरीराच्या पृष्ठफळावरून ठरवतात. दर चौरस मीटरला दिवसाला साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम. पृष्ठफळ काढायचं ते असं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले 3600, त्याचं वर्गमूळ. समजा मूल 100 सेंटिमीटर उंच आणि 16 किलोचं आहे, तर उत्तर येतं 0.67 चौरस मीटर. म्हणजे दिवसाला साधारण 7 ते 10 मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून. हा हिशेब डॉक्टर करतातच. पण आपल्यालाही तो करता यायला हवा, कारण मूल वाढतं आणि चिठ्ठीवरचा आकडा तसाच राहतो, असं पुष्कळ वेळा होतं.

तीन वेळा का? हायड्रोकॉर्टिझोन रक्तातून झपाट्याने कमी होतं, काही तासांत त्याचा जोर ओसरतो. निरोगी शरीरात कॉर्टिसॉल पहाटे चढू लागतं, उठायच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. गोळीला हे जमत नाही. रात्री दिलेली गोळी पहाटेपर्यंत संपलेली असते आणि नेमकं त्याच वेळी पिट्युटरी जोर लावते. म्हणून सकाळचा डोस शक्य तितक्या लवकर. पुष्कळ घरांत सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ-दहा असं वेळापत्रक असतं. रविवारी मूल नऊपर्यंत झोपलं म्हणून गोळीही नऊला, असं करू नये. अर्धवट झोपेत गोळी द्यावी आणि परत झोपू द्यावं.

तान्ह्या बाळाला दीड-दोन मिलिग्रॅम द्यायचे आणि हातात गोळी 5 किंवा 10 मिलिग्रॅमची, ही आपल्याकडची रोजची अडचण. भाजीच्या सुरीने चार तुकडे केले की एक तुकडा मोठा होतो, एक बारका, आणि चिमूटभर पूड ताटलीला चिकटून राहते. केमिस्टकडे गोळ्या कापायची छोटी डबी मिळते, ती घ्याच. आम्ही चारही तुकडे एकाच दिवसात किंवा सलग दोन दिवसांत संपवायचो, म्हणजे एका वेळी थोडं कमी-जास्त झालं तरी बेरीज बरोबर येते. पाण्यात विरघळवून सिरिंजने ओढायचं असेल तर हे ध्यानात ठेवा: ही पूड पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते. सारखं ढवळत, लगेच ओढायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. सकाळी करून ठेवलेलं पाणी रात्रीपर्यंत वापरलं तर आधीच्या डोसात औषध कमी आणि शेवटच्यात जास्त जातं. काही रुग्णालयांतले फार्मासिस्ट मोजून पुड्या बांधून देतात, तशी सोय असेल तर उत्तम. परदेशात लहान मुलांसाठी हायड्रोकॉर्टिझोनचे बारीक दाणे कॅप्सुलमधून मिळतात. युरोपात 2018 मध्ये आणि अमेरिकेत 2020 मध्ये त्यांना मान्यता मिळाली. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्याबद्दल विचारावं.

गोळी कडू असते. चमच्यात दोन थेंब पाण्यात कालवून, वर दूध पाजलं की जाते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधात देऊ नका.

जास्त झालं की काय, कमी पडलं की काय

हा भाग दोनदा वाचा, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते.

डोस जास्त होत असेल तर भूक वाढते, वजन उंचीच्या पुढे पळायला लागतं, गाल भरतात, चेहरा गोल होतो. मोठ्या मुलांच्या पोटावर-मांडीवर जांभळट वळ उठतात, रक्तदाब चढतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, उंची वाढायचा वेग मंदावतो. नातेवाईक म्हणतात, “बाळसं छान धरलंय.” उंची मोजलेली नसेल तर आपणही खूश होतो.

डोस कमी पडत असेल तर चित्र उलटं दिसतं, आणि तेही सुरुवातीला गोडच वाटतं. मूल झपाट्याने उंच होतं, वर्गातल्या रांगेत शेवटी उभं राहतं, अंगाने दणकट दिसतं. पण ॲण्ड्रोजेन्स हाडांना लवकर पिकवतात. पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताचा एक्सरे काढला तर हाडांचं वय आठ निघू शकतं. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या लवकर बंद होतात आणि लहानपणी सर्वांत उंच असलेलं मूल मोठेपणी सर्वांत बुटकं राहतं. काखेत-जांघेत लवकर केस, घामाला मोठ्या माणसासारखा वास, मुरुमं, आवाजात बदल या खुणा सहा-सात वर्षांच्या मुलात दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हाडं खूप पुढे गेली तर खरोखरचं वयात येणंही लवकर सुरू होतं आणि ते थांबवायला वेगळी इंजेक्शनं लागू शकतात.

म्हणजे उंची दोन्ही बाजूंनी जाते. स्टेरॉइडला घाबरून अर्धी गोळी गुपचूप कमी करणाऱ्या आईला वाटतं आपण मुलाची उंची वाचवली. प्रत्यक्षात तिने ती दुसऱ्या दाराने घालवलेली असते.

आता रिपोर्टबद्दल. 17-ओएचपीच्या आकड्यासमोर लॅब ‘नॉर्मल’ मर्यादा छापते आणि आपल्या मुलाचा आकडा तिच्या वर ठळक अक्षरांत असतो. धस्स होतं. पण ती मर्यादा सीएएच नसलेल्या मुलांची आहे. सीएएचच्या मुलाचा 17-ओएचपी पूर्णपणे नॉर्मल आला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ डोस जास्त होतोय असाच असतो. डॉक्टरांना तो थोडा वरच हवा असतो, सोबत अँड्रोस्टेनेडायोन (ॲण्ड्रोजेन्सपैकीच एक) वयाच्या मर्यादेत. शिवाय हा आकडा दिवसातून मोठे हेलकावे खातो. गोळीच्या आधी वेगळा, गोळीनंतर दोन तासांनी वेगळा. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळी रक्त द्यावं आणि शेवटची गोळी किती वाजता दिली ते चिठ्ठीवर लिहावं. एका रिपोर्टवरून डोस हलवण्यापेक्षा उंची-वजनाच्या तक्त्यावरची रेघ जास्त खरं सांगते. दर तीन-चार महिन्यांनी, त्याच मोजपट्टीवर, चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून. हा तक्ता फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

वजन वाढलेल्या मुलाचं आणखी एक सांगायचं राहिलं. डोस उंची आणि वजनावर ठरतो, म्हणून वजन वाढलं की सूत्र डोस वाढवायला सांगतं. डोस वाढला की भूक वाढते. या चक्रात मूल अडकतंय का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि मुलाला ‘खादाड’ म्हणू नका. डोस जास्त असताना लागणारी भूक खरी असते.

मिठाची गोळी

मीठ वाहून जाणाऱ्या प्रकारात दुसरी गोळी असते, फ्लुड्रोकॉर्टिझोन. ती अल्डोस्टेरॉनचं काम करते. पहिल्या वर्षात बाळाला मीठही वेगळं द्यावं लागतं, दिवसाला साधारण एक ते दोन ग्रॅम, दुधासोबत थोडं थोडं विभागून, कारण आईच्या दुधात आणि डब्याच्या दुधातही सोडियम फार कमी असतं. ‘वर्षाच्या आत मीठ द्यायचं नाही’ हे आपल्याकडे प्रत्येक घराला पाठ असतं आणि इतर बाळांसाठी ते बरोबरही आहे. या बाळासाठी मात्र मीठ हे औषध आहे.

पुढे मूल घरचं जेवायला लागलं की वेगळं मीठ बहुधा बंद होतं. पण माझा मुलगा ताटातलं मीठ बोटाने चाटायचा, लोणच्याचा खार पोळीला लावून खायचा. अशा मुलाला रागावू नका. त्याचं शरीर काय मागतंय ते बघा आणि ती गोष्ट डॉक्टरांना सांगा. फ्लुड्रोकॉर्टिझोन कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. उलट रक्तदाब चढला, पायावर सूज आली तर ती जास्त होत असेल. म्हणून दर भेटीत मुलांच्या मापाच्या पट्ट्याने रक्तदाब मोजून घ्या. मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर चुकीचा, कमी आकडा दाखवतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामावाटे मीठ जातं, तेव्हा मीठ घातलेलं लिंबू सरबत, ताक, पेज चालू ठेवा.

घरगुती काढ्यांमध्ये ज्येष्ठमध असतं. ते कॉर्टिसॉलचं मोडणं रोखतं, रक्तदाब चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. या मुलांना खोकल्यासाठी ज्येष्ठमध देऊ नका. आणि ज्या पुडीवर काय आहे ते लिहिलेलं नाही, ती तर अजिबात नको, कारण अशा पुड्यांमध्ये छुपं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

ताप आला की

निरोगी माणसाला ताप आला की ॲड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल कित्येक पट वाढवते. आपल्या मुलाची ग्रंथी ते करू शकत नाही, म्हणून ते आपल्याला करावं लागतं. सर्वसाधारण नियम असा: ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिझोनचा दिवसाचा डोस दुप्पट, 102.2 च्या वर गेला तर तिप्पट. सहा-सहा तासांनी विभागून, रात्रीचाही न चुकवता. रोज 7.5 मिलिग्रॅम घेणाऱ्या मुलाला 103 ताप असेल तर दिवसाचे 22.5 मिलिग्रॅम होतात. फ्लुड्रोकॉर्टिझोन वाढवायचं नाही. ताप उतरून मूल सावरलं की थेट रोजच्या डोसावर यायचं. चार-पाच दिवसांच्या वाढीव डोसानंतर हळूहळू उतरवण्याची गरज नसते. तुमच्या डॉक्टरांचे आकडे थोडे वेगळे असतील तर त्यांचेच पाळा, पण ते कागदावर लिहून घ्या.

इथेही ‘डबल दिलं तर दुष्परिणाम होतील’ ही भीती आडवी येते. तीन-चार दिवसांच्या वाढीव डोसाने ना उंची थांबते ना वजन वाढतं. तो न दिल्याने मात्र मूल काही तासांत जाऊ शकतं. हेही खरं की प्रत्येक शिंकेला डोस दुप्पट केला तर वर्षभरात ते अंगावर येतं. ताप नसलेली सर्दी, परीक्षेचं टेन्शन, मैदानावरचा नेहमीचा खेळ, पडून खरचटलेला गुडघा यांसाठी डोस वाढवायचा नाही. हाड मोडलं, भाजलं, भूल देऊन शस्त्रक्रिया किंवा दाताचं मोठं काम असेल तर वाढवायचा. लस दिल्यावर ताप आला तर तापाचा नियम.

उलटी हा सर्वांत मोठा शत्रू, कारण गोळी पोटात राहतच नाही. गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उलटी झाली तर तोच डोस परत द्या. पुन्हा उलटी झाली तर तिसऱ्यांदा प्रयत्न करत बसू नका. हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन द्या आणि दवाखान्यात निघा. सतत जुलाब, खूप झोपाळलेपण, गार पडलेले हातपाय, असंबद्ध बडबड, झटका (फिट) यांतलं काहीही असेल तरी तेच. मूल पिण्याच्या स्थितीत असेल तर साखरेचं किंवा गुळाचं पाणी थोडं थोडं पाजा, कारण कॉर्टिसॉल नसताना साखर झपाट्याने उतरते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका.

हायड्रोकॉर्टिझोनची 100 मिलिग्रॅमची बाटली, पाण्याची ॲम्प्युल, सिरिंज आणि सुया एका डब्यात घरी ठेवाव्यात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. तान्ह्या बाळाला साधारण 25 मिलिग्रॅम, मधल्या वयाच्या मुलांना 50, किशोरवयीन मुलांना 100. तुमच्या मुलाचा आकडा डब्याच्या झाकणावरच लिहून ठेवा. मुदत संपलेल्या बाटल्या फेकण्याआधी त्यांवर हात बसवा: पावडरमध्ये पाणी सोडणं, ओढणं, संत्र्यात टोचणं. आई, बाबा, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनीही. इंजेक्शन दिलं आणि नंतर वाटलं की गरज नव्हती, तर मुलाचं काहीही बिघडत नाही. दिल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच.

गावी, जत्रेला, लग्नाला गेल्यावर काय? एक दिलासा आहे: हे इंजेक्शन दुर्मीळ नाही. दमा-ॲलर्जीसाठी ते वापरतात, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि लहानशा दवाखान्यातही बहुधा सापडतं. अडचण येते ती समोरच्या डॉक्टरांना हे याच मुलाला, आत्ता लागतं हे पटवण्याची. एका दवाखान्यात आम्हाला ‘आधी रिपोर्ट येऊ द्या’ म्हणून बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून मुलाच्या दप्तरात आणि आमच्या पाकिटात एक कार्ड असतं. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत: आजाराचं नाव, ‘रक्ततपासणीची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिझोन इतके मिलिग्रॅम ताबडतोब द्या, सोडियमची सलाइन आणि ग्लुकोज लावा’, रोजची औषधं, डॉक्टरांची सही-शिक्का आणि फोन. कार्ड दाखवलं की वाद घालावा लागत नाही. वर्गशिक्षकांकडेही त्याची प्रत आणि दुपारची गोळी ठेवा. सहलीला डबा सोबत जाऊ द्या.

दमा किंवा किडनीसाठी महिनोन्‌महिने मोठ्या डोसात प्रेडनिसोलोन घेणाऱ्या मुलांच्या आईवडलांनीही हा भाग लक्षात ठेवावा. त्यांची ॲड्रीनल ग्रंथी तेवढ्या काळात झोपी गेलेली असते. गोळी एकदम बंद केली तर हेच संकट ओढवतं.

इतर औषधं, आणि मुलीच्या आईवडलांशी थोडं

ताप-खोकल्याची नेहमीची औषधं, अँटिबायोटिक्स यांची अडचण नाही. पण टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही औषधं हायड्रोकॉर्टिझोन लवकर मोडून टाकतात, म्हणून डोस वाढवावा लागतो. टीबीचे उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरांना सीएएचबद्दल आपण होऊन सांगा.

नवी औषधंही येताहेत. एसीटीएचचा जोर वरूनच कमी करणाऱ्या क्रिनेसरफॉन्टला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये चार वर्षांवरच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. त्याने हायड्रोकॉर्टिझोनची जागा घेतली जात नाही, पण तुंबलेलं पाणी ओसरावं म्हणून द्यावा लागणारा जास्तीचा डोस कमी करता येतो. जास्त-कमीच्या या कसरतीत अडकलेल्या मुलांसाठी मला ती फार आशेची गोष्ट वाटते.

मुलगी असेल तर पहिल्या दिवसापासून लोक वाटेल ते बोलतात. गुणसूत्रांच्या तपासणीत एक्सएक्स (मुलींची जोडी) असलेल्या या बाळाला गर्भाशय असतं, अंडाशय असतात, उपचार नीट झाले तर पुढे तिला मूलही होऊ शकतं. बाहेरची जननेंद्रियं बदलण्याच्या शस्त्रक्रियेची घाई करायला लावणाऱ्यांना थांबवा. ती जीव वाचवणारी शस्त्रक्रिया नाही, जीव वाचवते ती गोळी. तान्ह्या बाळांवर अशा शस्त्रक्रिया करायला तमिळनाडूने 2019 मध्ये बंदी घातली, जीवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवून. विचार करायला, दुसरं मत घ्यायला आणि पुढे मुलीलाच विचारायला वेळ असतो.

बारा-तेराव्या वर्षी नवी लढाई सुरू होते. हार्मोन्सच्या बदलांमुळे औषध लवकर साफ होतं, पूर्वीचा डोस पुरत नाही, आणि नेमकं त्याच वयात मुलं गोळी उशीखाली लपवतात. मुलीची पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात. मुलांच्या वृषणात ॲड्रीनलसारख्या पेशींच्या गाठी वाढू शकतात. त्या कर्करोगाच्या नसतात, पण पुढे मूल होण्यात अडथळा आणतात, म्हणून वयात येताना सोनोग्राफी करून घ्यावी. ‘गोळी घेतलीस का?’ असं दिवसातून तीनदा विचारत राहण्यापेक्षा आजाराचं नाव, डोस आणि तापाचा नियम मुलाला स्वतःला सांगता येतो का ते बघा. डॉक्टरांच्या खोलीत काही मिनिटं त्याला एकट्याला बोलू द्या. अठरा वर्षांनंतर मुलांचे डॉक्टर सुटतात आणि मोठ्यांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे) जावं लागतं. या बदलातच बरीच मुलं उपचारांतून गळतात. म्हणून नवे डॉक्टर सतरा-साडेसतराव्या वर्षीच ठरवा, एक-दोन भेटी जुन्या डॉक्टरांच्या चालू असतानाच करून घ्या, आणि उंचीच्या तक्त्यासकट सगळी फाइल मुलाच्या हाती द्या.